बाह्य हार्ड डिस्कवर लिनक्सचा बॅकअप नीट होत नसेल तर क्रमाने काय तपासावे

लक्षणे

पुढीलपैकी एखादी तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर खालच्या तपासण्या त्याच क्रमाने कराव्यात.

- बॅकअप सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटे चालतो आणि 'इनपुट-आउटपुट एरर' दाखवून मध्येच थांबतो.
- बाह्य डिस्कवर भरपूर जागा दिसत असूनही 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो.
- बॅकअप यशस्वी झाल्याची नोंद मिळते, पण तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की ताज्या फाइली तिच्यावर नसतात.
- फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या पट्टीत डिस्कच्या नावाला शेवटी 1 हा आकडा चिकटलेला दिसतो.
- संगणकाची स्वतःची डिस्क काही आठवड्यांत भरून जाते आणि पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचा पडदा पुन्हा समोर येतो.
- डिस्क अचानक फक्त वाचण्यापुरती उरते. तिच्यावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही.
- काही ठरावीक फाइलीच दर वेळी गळतात, किंवा काहीही बदललेले नसताना दर वेळी सगळ्याच फाइली नव्याने उतरवल्या जातात.

मी बरीच वर्षे आमच्या तालुक्याच्या गावातील एका ग्रंथालयाचे आणि ओळखीच्या काही घरांतील लिनक्स संगणक सांभाळतो आहे. बॅकअपची तक्रार घेऊन येणाऱ्याला बहुधा डिस्क गेली असे वाटत असते आणि तो नवी डिस्क विकत घेण्याच्या तयारीत असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते आणि दोष केबलमध्ये, डिस्क माउंट होण्याच्या (म्हणजे एखाद्या फोल्डराशी जोडली जाऊन उघडण्याच्या) जागेत किंवा तिच्या फॉरमॅटमध्ये सापडतो. म्हणूनच पैसे खर्च करण्याआधी फुकटच्या तपासण्या पूर्ण कराव्यात असा माझा आग्रह आहे.

कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि शंका येण्यासारखी असतील तेथे अक्षरे सुटी केली आहेत; टर्मिनलमध्ये ती लहान रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

काहीही करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्यावे. या बाह्य डिस्कवर असे काही आहे का, जे दुसरीकडे कोठेही नाही? संगणकात जागा व्हावी म्हणून अनेक जण जुने फोटो बाह्य डिस्कवर हलवतात आणि त्यालाच बॅकअप म्हणतात. तो बॅकअप नव्हे, ती एकमेव प्रत आहे. तसे असेल तर पहिल्या दोन तपासण्यांच्या पुढे जाऊ नये; डिस्क वाचता येत असेल तर प्रथम तो ऐवज दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि वाचता येत नसेल तर थेट शेवटचा भाग वाचावा.

1. पोर्ट, केबल आणि वीज

या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही. डिस्क हबला किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूच्या पोर्टला जोडलेली असेल तर ती काढून मागच्या बाजूच्या, म्हणजे थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला जोडावी. यूएसबी 2.0 च्या पोर्टने प्रमाणानुसार 500 मिलिअँपिअर आणि यूएसबी 3.0 च्या पोर्टने 900 मिलिअँपिअरपर्यंत वीज द्यावी असे ठरलेले आहे. अडीच इंची फिरत्या डिस्कला सुरू होताना आणि सलग लिहिताना यातली बरीचशी लागते, तर साडेतीन इंची डिस्कला वेगळा अॅडॉप्टर लागतोच. वीज अपुरी पडली की डिस्क क्षणभर बंद होऊन पुन्हा चालू होते. फाइल मॅनेजरला ती तेवढ्यात दिसूही लागते, पण चालू बॅकअप मात्र तुटतो.

खरोखर हेच होते आहे का हे पाहायचे असेल तर टर्मिनलमध्ये डी-एम-ई-एस-जी ही कमांड 'डब्ल्यू' पर्यायासह, आधी सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारी कमांड) लावून, चालू ठेवावी आणि मग डिस्क जोडून बॅकअप सुरू करावा. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, प्रत्येक नोंद पडद्यावर ताबडतोब उमटते. यूएसबी उपकरण 'रीसेट' केल्याच्या ओळी मिनिटामिनिटाला येऊ लागल्या, किंवा उणे 71 अथवा उणे 110 हे एरर क्रमांक दिसले, तर संशय आधी केबलवर घ्यावा. पहिला क्रमांक संदेशवहनात गडबड झाल्याचा आहे आणि दुसरा ठरलेल्या वेळात उत्तर न आल्याचा. छोट्या डिस्कांना येणारी ती रुंद, दोन कप्पे असलेली मायक्रो-बी पिन वर्षा-दोन वर्षांत सैल होते. ती हलक्या हाताने दाबून धरल्यावर नोंदी थांबल्या तर दोष सापडला असे समजावे. नवी केबल दीड-दोन फुटांपेक्षा लांब घेऊ नये.

वेग फारच कमी वाटत असेल तर एल-एस-यू-एस-बी ही कमांड 'टी' पर्यायासह द्यावी. डिस्कच्या ओळीच्या शेवटी 480 दिसले तर ती यूएसबी 2.0 च्या वेगाने जोडली गेली आहे आणि 5000 दिसले तर 3.0 च्या. पहिल्या स्थितीत सेकंदाला 30 ते 40 मेगाबाइटच मिळतात, म्हणजे 500 गीगाबाइटना चार तासांच्या आसपास लागतात. दुसऱ्या स्थितीत साधी फिरती डिस्कही तेच काम दीड तासात उरकते. चार तासांच्या कामात लॅपटॉप मध्येच झोपी गेला आणि बॅकअप तुटला, असेही मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून पहिल्या मोठ्या बॅकअपच्या वेळी आपोआप स्लीप होणे बंद ठेवावे.

2. डिस्क खरोखर जेथे हवी तेथे माउंट झाली आहे का

सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा आणि सगळ्यांत उशिरा लक्षात येणारा दोष हाच आहे, कारण यात कोणतीच एरर येत नाही.

आमच्या ग्रंथालयात जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून ठेवण्याचे काम चालते. दर शनिवारी दुपारी एक वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय), रूटच्या म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने, आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या कमांडची स्क्रिप्ट चालायची आणि ती सगळे स्कॅन 'बॅकअप' नावाच्या बाह्य डिस्कवर उतरवायची. डिस्क कपाटात कुलूपबंद असे आणि शनिवारी सकाळी ती जोडून ठेवणे हे ग्रंथपालांचे काम होते. एका शनिवारी त्यांना यायला उशीर झाला आणि डिस्क एक वाजून दहा मिनिटांनी जोडली गेली. स्क्रिप्ट त्याआधीच सुरू झालेली होती. डिस्क जेथे माउंट होते त्या जागी 'बॅकअप' नावाचा फोल्डर नाही असे पाहून तिने तो स्वतः तयार केला आणि संगणकाच्या आतल्याच डिस्कवर लिहायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी डिस्क जोडली तेव्हा त्या नावाचा फोल्डर आधीच असल्यामुळे प्रणालीने तिला 'बॅकअप1' या नावाच्या जागी माउंट केले. पुढचे सात शनिवार डिस्क वेळेवर जोडली गेली, दर वेळी ती 'बॅकअप1' म्हणूनच माउंट झाली आणि स्क्रिप्ट दर वेळी इमानेइतबारे आतल्या 'बॅकअप' फोल्डरात लिहीत राहिली. नोंदवहीत सातही वेळा 'यशस्वी' असे होते. आठव्या आठवड्यात संगणक लॉगिन होऊ देईना, तेव्हा मला बोलावणे आले. आतली डिस्क 100 टक्के भरलेली होती आणि बाह्य डिस्कवर सात आठवड्यांत एकही नवी फाइल गेलेली नव्हती. त्या सात आठवड्यांत आतली डिस्क बिघडली असती तर मूळ फाइली आणि त्यांची तथाकथित प्रत, दोन्ही एकाच वेळी गेल्या असत्या.

तपासायचे ते असे. डिस्क जोडल्यावर एल-एस-बी-एल-के ही कमांड 'एफ' पर्यायासह द्यावी. प्रत्येक पार्टिशनचे नाव, फॉरमॅट, यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि माउंटची जागा एका तक्त्यात दिसते. ती जागा आणि बॅकअपच्या प्रोग्रामात लिहिलेली जागा अक्षराक्षराने जुळली पाहिजे. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या वितरणांमध्ये (तयार संचांमध्ये) डिस्क 'मीडिया' या फोल्डरात वापरकर्त्याच्या नावाखाली माउंट होते, तर फेडोरा आणि आर्चमध्ये 'रन' फोल्डरातल्या 'मीडिया'त. एका वितरणावरची स्क्रिप्ट दुसरीकडे जशीच्या तशी नेली की ती नेमकी येथे चुकते.

नावाला 1 चिकटलेला असेल तर डिस्क रीतसर अनमाउंट करून केबल काढावी आणि डिस्क हातात धरूनच तो जुना फोल्डर उघडावा. डिस्क हातात असताना त्या फोल्डरात जे दिसेल ते निश्चितपणे संगणकाच्या आत आहे. पडद्यावर विसंबून राहण्यापेक्षा ही खूण कधीही पक्की. त्यातल्या फाइली लगेच पुसू नयेत, कारण मधल्या काळात मूळ ठिकाणाहून नाहीशी झालेली एखादी फाइल तेथेच सापडू शकते. फोल्डर दुसऱ्या नावाने बाजूला ठेवावा, डिस्क पुन्हा जोडून ती योग्य नावाने माउंट होते याची खात्री करावी, पूर्ण बॅकअप घ्यावा आणि मगच तो बाजूला ठेवलेला फोल्डर काढावा. फोल्डर रिकामा असेल तर तो काढायला आर-एम-डी-आय-आर वापरावी, कारण ती कमांड रिकामा नसलेला फोल्डर पुसतच नाही.

हा दोष पुन्हा येऊ नये म्हणून मी आता सगळीकडे तीन गोष्टी करतो. पहिली, 'एमएनटी' फोल्डरात बॅकअपसाठी कायमची एक जागा तयार करून एफएसटॅब या, कोणती डिस्क कोठे माउंट करायची हे सांगणाऱ्या, फाइलीत डिस्कची नोंद यूयूआयडीने करतो आणि तिला 'नोफेल' हा पर्याय लावतो. तो विसरला तर डिस्क न जोडता संगणक सुरू केल्यास प्रणाली साधारण दीड मिनिट वाट पाहून आपत्कालीन कन्सोलवर येऊन थांबते आणि घरातल्यांना वाटते की संगणकच बिघडला. दुसरी, डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरावर सी-एच-ए-टी-टी-आर ही कमांड 'अधिक आय' लावून देतो. त्यामुळे तो फोल्डर अपरिवर्तनीय होतो: डिस्क त्यावर माउंट होऊ शकते, पण माउंट झालेली नसताना रूटलाही तेथे काही लिहिता येत नाही आणि स्क्रिप्ट एरर देऊन थांबते. तिसरी, स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'माउंटपॉइंट' ही कमांड 'क्यू' पर्यायासह देऊन जागा माउंट झालेली नसेल तर तेथूनच परत फिरायला सांगतो. तिसरी पुरेशी वाटेल, पण स्क्रिप्ट कोणी तरी पुढे बदलतोच. फोल्डरावरचे कुलूप तसेच राहते, म्हणून दोन्ही करावीत.

3. जागा नेमकी कोठे संपली

'जागा शिल्लक नाही' हा संदेश कोणत्या डिस्कबद्दल आहे ते आधी पाहावे. डी-एफ ही कमांड 'एच' पर्यायासह दिली की सगळ्या डिस्कांचा हिशेब दिसतो. संगणकाचीच डिस्क भरलेली असेल तर वरची तपासणी पुन्हा वाचावी.

बाह्य डिस्क भरलेली दिसत असेल, पण फाइली मोजल्यावर बेरीज जुळत नसेल, तर तिच्यावर लपलेली कचरापेटी शोधावी. फाइल मॅनेजरमधून डिस्कवरच्या फाइली पुसल्या की त्या त्याच डिस्कवर 'ट्रॅश' आणि वापरकर्त्याचा क्रमांक अशा नावाच्या लपलेल्या फोल्डरात जातात आणि जागा अडवून बसतात. तसेच एक्स्ट-4 फॉरमॅट करताना 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते. प्रणालीच्या डिस्कवर ही सोय योग्यच आहे, पण 2 टेराबाइटच्या बॅकअप डिस्कवर त्यात सुमारे 100 गीगाबाइट अडकतात. 'ट्यून2एफएस' ला 'एम' पर्याय आणि 0 दिल्यास ती मोकळी होते आणि डिस्कवरील माहितीला धक्का लागत नाही.

क्वचित गीगाबाइट शिल्लक असतात आणि आयनोड (प्रत्येक फाइलीमागे एक लागणारी नोंदीची जागा) संपलेले असतात; लाखो बारीक फाइलींचे अनेक बॅकअप एकाच डिस्कवर साठले की असे होते. डी-एफला 'आय' पर्याय दिला की ते कळते. त्यावर उपाय म्हणजे जुने बॅकअप काढणे. आयनोडची संख्या एक्स्ट-4 मध्ये फॉरमॅट करतानाच ठरते.

4. डिस्कचा फॉरमॅट

दुकानातून आणलेली डिस्क बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट असते आणि पेन ड्राइव्ह फॅट-32. या फॉरमॅटवर रोजच्या फाइली उतरवता येतात म्हणून लोक निश्चिंत असतात, पण लिनक्सच्या बॅकअपला लागणाऱ्या काही गोष्टी त्यांच्यात नाहीत.

फॅट-32 मध्ये एक फाइल 4 गीगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. लग्नाचा व्हिडिओ किंवा व्हर्च्युअल मशीनची फाइल दर वेळी तेथेच अडते. त्यात फाइलीची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, त्यामुळे आरसिंकला मूळ आणि प्रत यांच्या वेळा वेगळ्या वाटतात आणि काहीही बदललेले नसताना ती सगळे पुन्हा उतरवते. फॅट-32 आणि एक्सफॅट या दोन्हींत फाइलीचा मालक, परवानग्या, सांकेतिक दुवे आणि हार्ड लिंक यांना जागाच नाही. एनटीएफएस नेहमीच्या पद्धतीने माउंट केल्यावर मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत. घरच्या फोटोंसाठी याने बिघडत नाही, पण पूर्ण प्रणालीचा बॅकअप अशा डिस्कवर घेतला तर तो परत बसवल्यावर संगणक चालण्याची आशा धरू नये.

नावांचीही एक अडचण आहे आणि ती आपल्यासारख्या देवनागरीत फाइलींना नावे देणाऱ्यांना विशेष भोवते. एक्स्ट-4 मध्ये फाइलीचे नाव 255 बाइटांपर्यंत असू शकते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन, आणि घटक म्हणजे काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तसुद्धा. 'वार्षिक' हा तीन अक्षरांचा दिसणारा शब्द सात घटकांचा, म्हणजे 21 बाइटांचा होतो. विंडोजची मोजणी निराळी असल्यामुळे 'सन 2023-24 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि त्यास जोडलेली हिशेबपत्रके अंतिम मसुदा दुरुस्त प्रत' असे नाव तेथे सहज मावते, पण लिनक्सच्या हिशेबाने ते 270 बाइटांचे होते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या संगणकावर विंडोजचा भाग एक्स्ट-4 डिस्कवर उतरवताना ही फाइल 'नाव फार लांब' असे सांगून दर वेळी गळते. उलट दिशेला, लिनक्समध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा दिसणारा कोलन चालतो, पण फॅट आणि एक्सफॅटवर चालत नाही. ठरावीक फाइलीच गळत असतील तर प्रथम त्यांच्या नावांकडे पाहावे.

माझा सल्ला स्पष्ट आहे: बॅकअपची डिस्क केवळ लिनक्सला जोडायची असेल तर ती रिकामी करून एक्स्ट-4 करावी. फॉरमॅट करताना चुकीची डिस्क निवडली जाण्याचा धोका खरा आहे, म्हणून इतर सगळ्या बाह्य डिस्क काढून ठेवाव्यात आणि डिस्कची क्षमता व मॉडेलचे नाव दोनदा वाचून मगच पुढे जावे. नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्कची मालकी रूटकडे असते, त्यामुळे लगेच 'परवानगी नाही' असा संदेश येतो. माउंट केलेल्या जागेची मालकी सी-एच-ओ-डब्ल्यू-एन या कमांडने आपल्या नावावर करून घेतली की तो प्रश्न मिटतो. डिस्क विंडोजलाही जोडायचीच असेल तर एक्सफॅट ठेवून फाइली टार संग्रहात (अनेक फाइलींची एकच गाठोडे-फाइल) बांधून उतरवाव्यात, कारण मालकी आणि परवानग्या संग्रहाच्या आत जपल्या जातात.

एनटीएफएस डिस्क केवळ वाचण्यापुरती माउंट होत असेल तर बहुतेक वेळा ती विंडोजमधून रीतसर न काढल्याने तसे होते. ती विंडोजला जोडावी, तेथे डिस्क तपासून घ्यावी आणि सुरक्षितपणे काढावी. हे काम विंडोजकडूनच करून घ्यावे.

5. कमांडमधील चुका

आरसिंक अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही अनेक बॅकअप प्रोग्राम आतून तिच्यावरच चालतात. तिच्यात एक बारकावा आहे: मूळ फोल्डराच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डराच्या आतला मजकूर उतरतो आणि दिली नाही तर फोल्डरच उतरतो. एकदा रेघ देऊन आणि एकदा न देता बॅकअप घेतला की डिस्कवर सगळे दोनदा साठते आणि जागा अवेळी संपते.

'डिलीट' हा पर्याय मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली प्रतीतूनही काढतो. मूळ फोल्डर काही कारणाने रिकामा असेल, उदाहरणार्थ तो स्वतःच दुसऱ्या डिस्कवर असून ती माउंट झालेली नसेल, तर हा पर्याय संपूर्ण बॅकअप पुसून टाकतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये बदल केल्यावर पहिली फेरी 'एन' पर्यायानेच घ्यावी; काय होणार आहे ते दिसते आणि प्रत्यक्षात काहीच होत नाही.

काम संपताना मिळणारा क्रमांकही वाचावा. 24 म्हणजे बॅकअप चालू असताना काही फाइली मुळातूनच नाहीशा झाल्या. ब्राउझर उघडा असेल तर हे नेहमीचेच आहे आणि काळजीचे कारण नाही. 23 म्हणजे काही फाइली उतरल्या नाहीत, आणि त्या कोणत्या हे वरच्या ओळींत शोधलेच पाहिजे. 11 हा फाइल वाचण्या-लिहिण्यातील दोष आहे. तो आल्यास पुढच्या तपासणीकडे वळावे.

टाइमशिफ्ट हा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: तो प्रणाली मागच्या स्थितीत नेण्यासाठी आहे आणि मूळ मांडणीत तो होम फोल्डर वगळतो. टाइमशिफ्ट रोज चालतो म्हणून कागदपत्रे सुरक्षित आहेत असे समजणाऱ्या दोघांना मी ऐन अडचणीत भेटलो आहे.

आणखी एक, डिस्क काढण्याची घाई करू नये. लिनक्स लिहायची माहिती आधी मेमरीत घेते, त्यामुळे प्रगतीची पट्टी पूर्ण झाली तरी डिस्कवर लिहिणे चालूच असते. 'सिंक' कमांड देऊन ती परत येईपर्यंत थांबावे, मग अनमाउंट करावे आणि मगच केबलला हात लावावा.

6. डिस्कची प्रकृती

येथपर्यंत काहीच सापडले नसेल, किंवा कर्नलच्या नोंदींत 'फाइलसिस्टिम केवळ वाचण्यापुरती पुन्हा माउंट केली' असा अर्थ असलेली ओळ दिसत असेल, तर आता डिस्ककडेच पाहायचे. केवळ वाचण्यापुरती होणे हा बचाव आहे: आपल्या नोंदींत विसंगती आढळल्यावर एक्स्ट-4 पुढचे नुकसान टाळण्यासाठी लिहिणे थांबवते. त्यामुळे तिला जबरदस्तीने पुन्हा लिहिण्यायोग्य माउंट करू नये.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डिस्कची यंत्रणा तपासावी, मगच फाइलसिस्टिम दुरुस्त करावी. कारण दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणे, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर लिहिल्याने उरलेलेही जाते. 'स्मार्टमोनटूल्स' हे पॅकेज बसवून 'स्मार्टसीटीएल' ही कमांड 'ए' पर्यायासह द्यावी. डिस्कच्या यूएसबीच्या पेटीतून (बाहेरच्या आवरणातल्या सर्किटमधून) उत्तर येत नसेल तर 'डी' पर्यायाला 'सॅट' हे मूल्य द्यावे. 'पास' या एका शब्दावर समाधान मानू नये. क्रमांक 5 म्हणजे बदली दिलेले सेक्टर, 197 म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित असलेले आणि 198 म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात 0 असावे. 5 मध्ये लहान आकडा असून तो महिनोन्महिने स्थिर असेल तर डिस्क दुय्यम कामाला चालते, पण 197 मध्ये 0 नसेल आणि आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर बॅकअप ठेवू नये. केवळ 199 वाढत असेल तर माहितीची ने-आण मध्येच बिघडते आहे. पेटीतला जोड किंवा केबल आधी पाहावी.

आकडे स्वच्छ असतील आणि डिस्कवर एकमेव प्रत नसेल तरच, डिस्क अनमाउंट करून, 'ई2एफएससीके' ही कमांड 'एफ' पर्यायासह चालवावी. माउंट असलेल्या डिस्कवर ती कधीही चालवू नये. आधी 'एन' पर्यायाने पाहून घ्यावे. शेकडो दुरुस्त्या सुचवल्या जात असतील तर हो म्हणत सुटण्यापेक्षा डिस्क नव्याने फॉरमॅट करून नवा बॅकअप घेणे अधिक विश्वासाचे.

यंत्रणा निर्दोष, केबल नवी, आणि तरीही मोठ्या बॅकअपमध्ये 'यूएएस' (यूएसबीवरून माहिती जलद नेण्याची पद्धत) या शब्दासह रीसेटच्या ओळी येत असतील, तर डिस्कच्या पेटीतील चिपला ती जलद पद्धत झेपत नाही असे समजावे. कर्नलच्या सुरुवातीच्या पर्यायांत 'यूएसबी-स्टोरेज'चे 'क्वर्क्स' म्हणून त्या उपकरणाचे दोन क्रमांक आणि 'यू' हे अक्षर दिल्यास जुनी, थोडी संथ पण स्थिर पद्धत वापरली जाते. बूटच्या पर्यायांत हात घालण्याची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावे, किंवा सरळ दुसरी पेटी घ्यावी.

कोठे थांबावे

डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, ती फिरून पुन्हा पुन्हा थांबत असेल, तिची क्षमता 0 दिसत असेल, ती पडलेली किंवा भिजलेली असेल, किंवा 197 चा आकडा तासातासाला वाढत असेल आणि तिच्यावर दुसरीकडे नसलेले काही असेल, तर त्याच क्षणी वीज काढावी आणि पुन्हा जोडून पाहू नये. अशा डिस्कचा प्रत्येक मिनिट चालण्याचा हिशेब असतो आणि तो आपण प्रयोगांत संपवू नये. ती घरी उघडू नये. फिरत्या तबकडीपासून वाचणारे टोक इतके जवळ असते की धुळीचा कण पुरतो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय करू नये, आत बाष्प धरते. पेटी बदलून पाहण्याचाही मोह टाळावा, कारण काही पेट्यांतील सर्किट माहिती एन्क्रिप्ट करून लिहिते आणि अनेक छोट्या डिस्कांवर यूएसबीचे टोक मूळ सर्किटलाच जोडलेले असते.

डिस्क आवाज करत नाही, नीट दिसते, पण मधूनच वाचताना अडते अशी मधली अवस्था असेल आणि ऐवज जिवापाड महत्त्वाचा नसेल, तर 'डीडीरेस्क्यू' वापरून तिची संपूर्ण प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. ती सोपे भाग आधी वाचते, अवघड मागे ठेवते आणि मॅप फाइलीत हिशेब ठेवते, त्यामुळे मध्येच थांबवून पुढे चालू करता येते. वाचनाचा वेग तासभर शून्याजवळ राहिला तर तेथेच थांबावे.

बाकी सर्व प्रसंगी ज्यांच्याकडे स्वच्छ खोली आणि बदली सुटे भाग आहेत अशा डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे जावे. संगणक दुरुस्तीचे प्रत्येक दुकान हे काम करू शकत नाही, म्हणून डिस्क उघडायची वेळ आल्यास ती कोठे उघडली जाईल हे आधीच विचारावे. खर्चाचा अंदाज तपासणीनंतर आणि लेखी घ्यावा. सोबत डिस्कची मूळ केबल, अॅडॉप्टर आणि पेटी द्यावी, तिचा फॉरमॅट सांगावा, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सांकेतिक वाक्य तयार ठेवावे, आणि बिघाड दिसल्यापासून कोणती कमांड कधी दिली हे एका कागदावर तारीख-वेळेसह लिहून द्यावे. कोणत्या फोल्डरातल्या फाइली सर्वांत आधी हव्या आहेत, हेही त्याच कागदावर सर्वांत वर लिहावे, कारण डिस्क अर्धीच वाचली गेली तर ते अर्धे कोणते असावे हे त्यांना त्यावरूनच कळते.